मंगळवारची किल्ली

१

चोरीला गेलेली वस्तू जागच्या जागीच होती. म्हणून तर ही चोरी कुणाच्या पचनी पडत नव्हती.

नदीची पाणीपातळी मोजणारं ते कार्यालय गावाच्या कडेला, एका लांबट इमारतीत होतं. चार खोल्या, मागे जिना, जिन्याखाली सर्व्हरची कोंदट खोली. नदीकाठच्या चौदा चौक्यांवरून रोज सकाळी आठ वाजता पातळीचे आकडे या सर्व्हरवर यायचे आणि इथून खालच्या धरणाकडे जायचे. धरणाची दारं किती उचलायची ते त्यावर ठरायचं. दीड महिन्यापूर्वी कुणीतरी वाटेत घुसून एक खोटा आकडा सोडून दिला. दारं नाहक उघडली गेली, काठावरचे पंप वाहून गेले, माणसं वाचली ती नशिबाने. तेव्हा वरून हुकूम आला की यापुढे आकडे उघड्यावरून पाठवायचे नाहीत. सर्व्हरवर टीएलएस सुरू करायचं, म्हणजे चौकी आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं कुलूपबंद. शुक्रवारी दुपारी बारानंतर धरण उघडा आकडा घेणार नव्हतं.

या कुलपाला दोन गोष्टी लागतात. एक सर्टिफिकेट. ते मुख्यालय देतं आणि कुणालाही दाखवता येतं. दुसरी खासगी किल्ली. ती सर्व्हरवरच तयार होते आणि परक्याच्या नजरेला पडता कामा नये. दोन्हींची गाठ जन्माची; एकीचं दुसऱ्याशी जमतं, तिसऱ्याशी नाही.

बुधवारी सर्टिफिकेट आलं. कार्यालयाच्या तंत्रज्ञाने ते बसवलं, सर्व्हर सुरू करायला गेला आणि सर्व्हरने एका ओळीत नकार दिला: किल्ली आणि सर्टिफिकेट जुळत नाहीत. त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तीच ओळ. मग त्याने पिशवीतून एक पेनड्राइव्ह काढला, आणि नेमके तेव्हाच साहेब त्याच्या पाठीशी येऊन उभे होते. यात काय आहे असं त्यांनी विचारल्यावर तंत्रज्ञाची बोबडी वळली. साहेबांनी पेनड्राइव्ह पाकिटात घातला, पाकिटाला लाख लावली, आपल्या कपाटात ठेवलं आणि तंत्रज्ञाला घरचा रस्ता दाखवला. खरी किल्ली याने पळवली आणि जागेवर भलतीच ठेवली, असा अहवाल संध्याकाळच्या आत मुख्यालयात पोचला.

गुरुवारी सकाळी मुख्यालयाने शंकाबाईंना धाडलं.

२

शंकाबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. मुख्यालयात बिघडलेल्या सर्व्हरांचा तपास त्यांच्याकडे असे, आणि "शंका आहे" हे दोन शब्द त्या इतक्यांदा म्हणत की लोकांनी बारसंच करून टाकलं. वय पंचावन्न. वर्षातले आठ महिने फिरतीवर. कुठेही उतरल्या की आईला फोन करून "पोचले" एवढंच सांगायची त्यांची सवय होती. आईला जाऊन वर्ष झालं होतं. आजही बसमधून उतरल्यावर हात पिशवीतल्या फोनकडे गेला, तो त्यांनी तसाच मागे घेतला.

कार्यालयात माणसं तीनच: साहेब, तंत्रज्ञ आणि नोंदताई. त्यातला तंत्रज्ञ घरी बसलेला. नोंदताई बावीस वर्षं तिथे होत्या. सकाळी साडेसातला दार त्या उघडत आणि आठचे आकडे त्याच नोंदवत. त्यांनी शंकाबाईंसाठी खुर्ची पुसली, चहा टाकला आणि पाहुण्या अधिकाऱ्याची हजेरी-चिठ्ठी लिहायला घेतली. अक्षर कोरीव. वर कार्यालयाचं नाव लिहिलं, 'जलमापन उपविभाग दोन', मग जीभ चावली, ते खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'नदीपातळी कार्यालय'.

"नाव बदलून नऊ वर्षं झाली," त्या ओशाळून म्हणाल्या. "पण हात ऐकत नाही."

शंकाबाईंनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली आणि त्या जिन्याखाली गेल्या.

साहेब दारात उभे राहून बाजू मांडत होते. त्यांचं म्हणणं, तंत्रज्ञाच्या मनात आधीपासूनच काळंबेरं होतं. त्याने किल्लीची फाइल अशी बंद करून ठेवली होती की ती दुसऱ्या कुणाला उघडूनही बघता येऊ नये. त्यावर शंकाबाई शांतपणे म्हणाल्या की ते तर शहाण्याचं लक्षण झालं. किल्ली सगळ्यांना वाचता येत असेल तर हा सर्व्हर स्वतःच तिला हात लावत नाही. साहेबांना ते पटलेलं दिसलं नाही.

मग त्यांनी किल्ली आणि सर्टिफिकेट दोन्हींची खूण काढली. अशी खूण म्हणजे लांबलचक आकडा. जोडी खरी असेल तर दोन्हींचा एकच येतो. इथे पहिल्या अंकापासूनच फारकत होती. पण किल्ली मोडकी नव्हती. एक अक्षर गळलेलं नाही, एक ओळ वेडीवाकडी नाही. धडधाकट, रीतसर बनवलेली किल्ली, फक्त या सर्टिफिकेटची नव्हे.

शंकाबाईंना इथेच पहिली शंका आली. चोराला किल्ली हवी असती तर त्याने नक्कल करून नेली असती. मूळ तशीच राहिली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. ही किल्ली कुणी नेलेली नव्हती. ती पुसून तिच्या जागी नवी घडवली होती. कुणाला कुलूप उघडायचं नव्हतं. ते लागूच द्यायचं नव्हतं.

फाइलवरची वेळ त्यांनी पाहिली. तंत्रज्ञाने किल्ली सोमवारी दुपारी बनवली होती, तशी नोंद होती. ही मात्र होती मंगळवारची, सकाळी सात बावन्नची. काम झालं होतं तंत्रज्ञाच्या नावाने, आणि त्याच खोलीतल्या कीबोर्डवरून.

३

तंत्रज्ञ दोन खोल्यांच्या घरात राहत होता. दार त्याच्या आईने उघडलं आणि न विचारताच सांगितलं की माझा मुलगा तसला नाही. आत त्याची बायको आजारातून उठलेल्या लहान मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तंत्रज्ञ खिडकीशी उभा होता. कालपासून कार्यालयातलं कुणी त्याचा फोन उचलत नव्हतं.

सोमवारी दुपारी किल्ली आणि सर्टिफिकेटसाठी मुख्यालयाकडे पाठवायचा अर्ज, दोन्ही एकाच आज्ञेने तयार केल्याचं त्याने सांगितलं. अर्ज लगेच पाठवला. किल्लीची एक प्रत पासवर्ड घालून पेनड्राइव्हवर ठेवली, कारण सर्व्हर जुना, त्याची तबकडी कधी मान टाकेल याचा भरवसा नाही. बुधवारी जोडी जमेना तेव्हा तीच प्रत काढून बघणार होता, तेवढ्यात साहेबांनी हात धरला.

शंकाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "म्हणजे सोमवारची किल्ली कुठे आहे?"

"साहेबांच्या कपाटात. मी सांगत होतो त्यांना. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या किल्लीसाठी मुख्यालयापर्यंत बोंब गेली होती, ती लाख लावून पुरावा म्हणून जपून ठेवलेली होती.

पण मंगळवारचं कोडं सुटत नव्हतं. मग त्याने साहेबांना न सांगितलेली गोष्ट सांगितली. सोमवारी संध्याकाळी मुलीला तापात झटके आले, बायकोचा फोन आला, आणि तो सगळं तसंच टाकून धावला. सर्व्हरची स्क्रीन उघडीच राहिली. मंगळवारी अकरापर्यंत तो दवाखान्यात होता. कामाची कृती त्याने कागदावर लिहून यंत्राच्या बाजूला चिकटवली होती, आणि खाली लाल शाईने सूचना: ही आज्ञा पुन्हा चालवू नये, किल्ली बदलेल, आलेलं सर्टिफिकेट वाया जाईल.

"माझ्यानंतर येणाऱ्याची फसगत होऊ नये म्हणून लिहिलं होतं," तो म्हणाला.

ज्याला ते करायचं होतं त्याला त्याने बसल्या जागी रीत शिकवली होती.

जाताना शंकाबाईंनी सहज विचारलं की आधी चाचणी घेतली होती का. घेतली होती, गेल्या शुक्रवारी, तात्पुरत्या किल्लीवर. तेरा चौक्या व्यवस्थित जोडल्या गेल्या. चौदावीचं यंत्र फार जुनं, त्याला ही नवी भाषा येत नाही. ते तुटलं. न जुळणाऱ्या चौक्या बंद करा असं पत्र आधीच आलेलं असल्याने त्याने पुढे विचार केला नव्हता.

४

दुपारी शंकाबाई साहेबांसमोर बसल्या. मंगळवारी सकाळी आठच्या आधी इमारतीत कोण होतं, एवढंच त्यांना हवं होतं. साहेब दहाला येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, हजेरीपटात तसंच होतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मंगळवारी पावणेआठला मी इथेच होतो," ते म्हणाले.

शंकाबाईंनी पेन खाली ठेवलं.

बायको मुलाकडे परगावी गेली ती तिकडेच रमली. पहाटे जाग येते, घर खायला उठतं. म्हणून गेले काही महिने ते सातलाच येऊन आवाराच्या बाकावर बसत आणि दहाच्या ठोक्याला आत्ताच आल्यासारखे आत शिरत. दोन महिन्यांनी नोकरी संपेल, मग बाकही नाही. हे सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. आपल्या निष्काळजीपणाचा ठपका नको म्हणून त्यांनी तंत्रज्ञावर घाईने बोट ठेवलं, हेही त्यांनी आडून कबूल केलं.

म्हणजे त्या वेळी इमारतीजवळ दोघं होती. एक बाकावर, एक आत. आणि खोलीची चावी भिंतीवरच्या खिळ्याला, कुणीही घ्यावी अशी.

शंकाबाई पुन्हा जिन्याखाली गेल्या. किल्ली बनवणारी आज्ञा अर्जही बनवते. मंगळवारी ती पुन्हा चालली असेल तर नुसती किल्ली नव्हे, अर्जही नवा झाला असणार. तो कुठे पाठवलेला नव्हता, म्हणून कुणी बघितला नव्हता. आज्ञा दिली की सर्व्हर एकेक प्रश्न विचारतो: गाव कोणतं, संस्था कोणती. तंत्रज्ञाने सोमवारी जी उत्तरं दिली होती ती सर्टिफिकेटवर आली होती, आखडती, घाईची. मंगळवारी ज्याने दिली, त्याची इथे असायला हवी होती.

त्यांनी अर्ज उघडला. उत्तरं पूर्ण होती, एकही रकाना रिकामा नव्हता. संस्थेच्या नावापुढे इंग्रजी अक्षरांत, पण शुद्ध, लिहिलं होतं: जलमापन उपविभाग दोन.

साहेबांना या कार्यालयात येऊन तीन वर्षं झाली होती. तंत्रज्ञाला चार. नऊ वर्षांपूर्वी पुसलेलं नाव बोटांत बाळगणारं माणूस या इमारतीत एकच होतं, आणि ते शेजारच्या खोलीत रजिस्टरावर पट्टीने रेघ मारत होतं.

५

शंकाबाई लगेच गेल्या नाहीत. कुणी केलं ते कळलं होतं, का केलं ते नव्हतं. कुलूप लागल्यावर तुटणारी चौकी एकच होती, म्हणून त्यांनी चौदाव्या चौकीच्या नोंदी काढल्या.

आकड्यापुढे शेऱ्याचा एक रकाना असतो. तेरा चौक्यांचे शेरे ठरावीक: 'सामान्य', 'गढूळ'. चौदावीचा राखणदार नऊ वर्षं तिथे एकटा होता. आकडे पाठवायचं यंत्र सोडलं तर फोन नाही, रस्ता नाही, महिन्यातून एकदा शिधा येतो. तो लिहायचा: 'धुकं. पलीकडचा काठ दिसला नाही.' 'आज एक पक्षी पट्टीवर बसून राहिला, आकडा वाचायला थांबावं लागलं.' 'स्वतःशी मोठ्याने बोलून पाहिलं. आवाज बसलाय.' प्रत्येक शेऱ्यापुढे कार्यालयाची पोच होती, एका शब्दाची: 'नोंदलं.' नऊ वर्षं, एक दिवस न चुकता. एकदाच तीन दिवस शेरा कोरा होता, तेव्हा इथून गेलं होतं: 'शेरा का नाही?' चौथ्या दिवशी तिकडून आलं: 'ताप होता. विचारलंत, बरं वाटलं.'

शंकाबाईंनी मंगळवारचा अर्ज छापून घेतला. मग उठल्या, नोंदताईंच्या टेबलाशी गेल्या आणि हजेरी-चिठ्ठी व अर्जाची छापील प्रत शेजारी शेजारी ठेवली.

नोंदताईंनी दोन्ही कागद वाचले. नाकबूल केलं नाही. उलट पट्टी जागेवर ठेवताना त्यांचा हात थोडा सैल झाल्यासारखा वाटला.

"दोन-चार दिवस तरी मिळाले असते," त्या म्हणाल्या. "नवं सर्टिफिकेट येईपर्यंत. तेवढ्यात काहीतरी सुचेल असं वाटलं होतं."

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. राहायला भावाच्या घरी, मागच्या खोलीत. वहिनी वाईट नाही, पण दिवस दिवस कुणाला त्यांच्याशी बोलायचं काम पडत नाही. चाचणीच्या दिवशी तेरा हिरवे दिवे आणि एक विझलेला त्यांनी पाहिला होता. चौकी बंद होणार हे त्या माणसाला कोण सांगणार होतं? रकान्यात लिहिणार काय? मंगळवारी सकाळी खोली झाडायला गेल्या तर स्क्रीन उघडी, बाजूला कागद, खाली लाल सूचना. सात मिनिटांत झालं. तंत्रज्ञाच्या गळ्याला फास लागेल हे ध्यानीमनीही नव्हतं, आणि लागला तेव्हा तोंड उघडायचं धैर्य झालं नाही. त्याच्या मुलीला बघायला जायचं म्हणून दोनदा त्याच्या गल्लीपर्यंत जाऊन परत आल्या होत्या.

"एका दिव्यासाठी तेरा विझवलेत, ताई," शंकाबाई म्हणाल्या. "आणि खालच्या गावातली माणसं धरणाच्या भरवशावर झोपतात."

"माहीत आहे. माझं नाव लिहा."

"लिहिणार आहे."

नोंदताई मान खाली घालून म्हणाल्या, "त्याला मी कधी बघितलेलं नाही. म्हातारा आहे की तरुण, तेही ठाऊक नाही."

६

शुक्रवारी नऊ वाजता तंत्रज्ञ परत आला. साहेबांनी त्याच्यासमोर लाख फोडली आणि पेनड्राइव्ह स्वतःच्या हाताने त्याला दिला. माफी हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, पण त्यांनी त्याला मुलीची तब्येत विचारली आणि खुर्ची पुढे सरकवली.

सोमवारची किल्ली जागेवर ठेवली. सर्व्हरने पुन्हा नकार दिला. साहेबांचा चेहरा उतरला, पण शंकाबाईंनी आधी ती ओळ पूर्ण वाचली: किल्ली सगळ्यांना वाचता येते आहे. पेनड्राइव्हवरून येताना तिचा बंदोबस्त सुटला होता. तंत्रज्ञाने तो पुन्हा केला. मग सर्व्हरने पासवर्ड मागितला, तो त्याने टाइप केला, आणि दोन्हींची खूण एकच निघाली. साडेअकराला तेरा हिरवे दिवे लागले. चौदावा विझला.

शंकाबाईंचा अहवाल दोन पानी होता. पहिल्या पानावर जे घडलं ते, नोंदताईंच्या नावासकट. दुसऱ्या पानावर त्यांनी जुन्या रजिस्टरांतून तीन पूर काढून मांडले. पुरात आकडा दर तासाला येतो, आणि तिन्ही वेळा पाणी चढल्याची पहिली खबर चौदाव्या चौकीने दिली होती, तेरावीच्या पाच तास आधी. जी चौकी सगळ्यात वर आहे, ती यंत्र म्हातारं झालं म्हणून बंद करणं म्हणजे हाताने डोळे झाकून घेणं. चौकी नव्हे, यंत्र बदलावं. सही करायची वेळ आली तेव्हा साहेबांनीही खाली सही केली. कुणी सांगितलं नव्हतं.

चौकशी झाली. नोंदताईंच्या हातून रजिस्टर काढून घेतलं आणि त्यांना तीन महिने घरी बसवलं. नोंदताई सगळ्यात आधी तंत्रज्ञाच्या घरी गेल्या. काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही, पण तंत्रज्ञ नवं यंत्र घेऊन वर निघाला तेव्हा सामानाची दुसरी पिशवी नोंदताईंच्या खांद्याला होती.

शंकाबाई तोवर भलत्याच गावी, भलत्याच कार्यालयाच्या विश्रामगृहात होत्या. दिवेलागणीला फोन वाजला. तंत्रज्ञ होता. चौदावी जोडली गेली, कुलूपबंद आकडा आला, असं त्याने सांगितलं. शंकाबाईंनी छान म्हटलं. नेहमी इतकं कळलं की त्या फोन ठेवत. या वेळी त्यांनी विचारलं, "आणि ताई?"

तंत्रज्ञ सांगू लागला. तीन तासांची चढण, ताई चार ठिकाणी बसल्या, पण परत फिरू म्हणाल्या नाहीत. राखणदार साठीचा, उंच, जरा वाकलेला. आधी त्याला बोलताच येईना; शब्द घशात अडकायचे, हसू यायचं, पुन्हा अडकायचे. ताई म्हणाल्या, सावकाश, मला घाई नाही. मग तो त्यांना काठावर पट्टी दाखवायला घेऊन गेला. आपण यंत्राशी खटपट करत होतो तेवढा वेळ दोघं तिथे उभीच होती. बोलत होती की नाही, ते लांबून कळलं नाही.

"एवढंच, मॅडम. आणखी काही नाही."

खोलीत एक पलंग, एक टेबल, भिंतीवर कुणीतरी विसरलेलं जुनं कॅलेंडर. शंकाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पलंगावर पाय वर घेऊन बसल्या.

"मग तेच पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या.